किती भरली उत्तरा

नागपुरात कळमन्याच्या धान्य बाजारात रुपराव बावीस वर्षांपासून मापारी आहे. पोतं काट्यावर चढवायचं, आकडा बघायचा आणि मोठ्यानं पुकारायचा, हे त्याचं काम. खरं सांगायचं तर त्याला काट्याची गरजच नव्हती. हमालाच्या पाठीवरचं पोतं नुसतं पाहून तो वजन सांगे, आणि चुकलाच तर अर्ध्या किलोनं. पोत्याच्या तळाशी कुणी दगड भरले असले तर पोतं खाली टेकल्याच्या आवाजावरून त्याला कळे. या गोष्टीचा त्याला भारी गर्व. गर्व असावा माणसाला, पण तो घरात शिरताना चपलांसोबत बाहेर काढून ठेवावा, एवढं तरी या गड्याला कळायला हवं होतं.

उत्तरा ही त्याची एकुलती एक लेक. ती जन्मली तेव्हा रुपरावच्या आईनं, पंचफुलाबाईनं, एक पद्धत घालून दिली होती. दर वाढदिवसाला पोरीच्या भारोभार तांदूळ विहारात द्यायचा. त्या दिवशी रुपराव बापाच्या वेळचा मोठा तराजू विहाराच्या अंगणात टांगायचा. एका पारड्यात पोरगी, दुसऱ्यात तांदूळ.

"किती भरली मी, बाबा?" पारड्यात पाय हलवत उत्तरा विचारायची, आणि रुपराव बाजारातल्यासारखा आकडा पुकारायचा. आदल्या दिवशी ती मुद्दाम दोन पोळ्या जास्त खायची. आपण जड भरलो की जास्त लोक जेवतील, असा तिचा साधा विचार. पंचफुलाबाई गेली, पण पद्धत चालू राहिली.

तेराव्या वाढदिवशी रुपराव तांदळाचा एकच कट्टा घेऊन गेला. तेवढा पुरेल असा त्याचा अंदाज होता. सगळा कट्टा रिकामा केला तरी उत्तराचं पारडं खालीच. अंदाज चुकला म्हणून तो जरा ओशाळला, आणि ओशाळलेला माणूस करतो तेच त्यानं केलं. थट्टा केली.

"कट्टा संपला गा," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "पण आमची पोरगी काही संपून नाही राहिली. कळमन्याचा काटाच आणा लागते आता."

अंगण हसलं. तिच्या वर्गातली पायल हसली. उत्तराही हसली, म्हणून रुपरावला वाटलं की झालं, गोष्ट तिथंच मिटली. त्या वर्षी तिनं किती भरली ते विचारलं नाही, हे मात्र त्याच्या ध्यानात आलं नाही.

पुढचं सगळं आधी दिसलं ते तिच्या आईला, भावनाला. शाळेतून डबा रिकामा यायचा, पण तिला तो गल्लीतल्या कुत्र्यासमोर उलटताना शेजारणीनं पाहिलं. फणीत केसांचे पुंजके निघू लागले. मार्च संपत आला, नागपूरचं ऊन अंगाची लाही करत होतं, आणि पोरगी घरात स्वेटर घालून बसायची. थंडी वाजते म्हणायची.

भावना तिला प्रताप नगरातल्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली. रुपरावलाही ओढून नेलं. बाईंनी नीट समजावून सांगितलं. हा हट्ट नाही, आजार आहे. तिच्यासमोर कुणाच्याच अंगाबद्दल बोलायचं नाही. सगळ्यांनी सोबत बसून जेवायचं. आणि वजन फक्त इथं दवाखान्यात, तेही काट्याकडे पाठ करून. आकडा तिला सांगायचा नाही, घरी काटा ठेवायचा नाही.

रुपरावनं सगळं ऐकलं. शेवटचं मात्र त्याच्या पचनी पडलं नाही. मापाऱ्याच्या पोरीचं माप दुसऱ्यानं करायचं? त्यानं ओळखीच्या अडत्याकडून एक छोटा काटा आणला आणि दर रविवारी सकाळी तो स्वतः तिला त्यावर उभं करू लागला. आणि काय सांगावं, आकडा वाढत होता. दर रविवारी थोडा थोडा. तिसऱ्या रविवारी त्यानं दवाखान्यात फोन करून पुढची भेट रद्द केली.

"मले तर पोरगी सुकून राहिल्यासारखी दिसते जी," भावना म्हणाली.

"तुह्या डोळ्याले काय समजते? काटा खोटं बोलत नाही."

भावना गप्प बसली. नवऱ्याचा जन्म वजनात गेला होता, त्याच्यापुढे ती काय बोलणार? आजही ती त्या गप्प बसण्यासाठी स्वतःला माफ करत नाही.

मेमधल्या एका रविवारी उत्तरा काट्यावर चढली. आकडा पुन्हा वाढलेला. रुपराव खूश होऊन भावनाला हाक मारायला वळला आणि मागे पोरगी कोसळली. तिच्यासोबत लादीवर लोखंड वाजलं.

तो आवाज रुपरावला लाखात ओळखू आला असता. तिच्या कुर्त्याखाली, कमरेला ओढणीत गुंडाळून, तराजूची जुनी वजनं बांधलेली होती. पलंगाखालच्या पेटीतली, त्याच्या बापाच्या हातची. साऱ्या बाजाराची लबाडी पकडणाऱ्या बापाला घरातली ही लबाडी दिसली नव्हती. लबाडी तरी कशी म्हणावी? पोरगी आजारी होती, आणि घरात काटा आणून तिला लपायची जागा त्यानंच दिली होती.

त्यानं गाठ सोडली आणि तिला उचललं. उचलताक्षणी हातांना आकडा कळला. तो आकडा इथं सांगत नाही, आकड्यांनी या घराचं पुरे वाटोळं केलं आहे. एवढंच सांगते की याहून जड पोती त्यानं एका हातानं सरकवली होती.

ऑटोत ती त्याच्या मांडीवर होती. भावना तिचे तळवे घासत होती. दवाखाना दिसू लागला तेव्हा उत्तरानं डोळे उघडले. किती दिवसांनी तिच्या डोळ्यांत ती वाढदिवसाची चमक होती.

"बाबा," ती पुटपुटली, "तुमी उचललं ना मले? किती भरली मी?"

बावीस वर्षांत रुपरावनं कुणाला खोटं माप सांगितलं नव्हतं.

"मले नाही समजलं वं, माय."

"तुमाले समजते," ती म्हणाली. बराच वेळ ती त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. मग तिची चमक विझली.

"म्हणजे जास्तच भरली असन," असं म्हणून तिनं मान वळवली आणि डोळे मिटले. ऑटो दवाखान्याच्या फाटकातून आत वळला.