हाकेच्या अंतरावरचं फूल

दुकानदाराने लेन्स बल्बसमोर धरली, एक डोळा मिटला आणि चुकचुकला.

"बुरशी लागलीय."

"पुसून नाही निघणार?"

"आतून लागलीय, बाई. कपाटात ठेवून दिली होती ना?"

लेन्स ज्या टॉवेलात गुंडाळून आणली होती, त्याची ती काउंटरवर नीट घडी घालत राहिली. दुकान बोळासारखं अरुंद होतं. दोन्ही बाजूंना जुने कॅमेरे, जुन्या लेन्स, आणि मधे हा दुकानदार, चष्मा कपाळावर चढवलेला.

"वापरात ठेवायची वस्तू आहे ही," तो म्हणाला. "काच झाली म्हणून काय, तिलाही उजेडवारा लागतो. कॅमेरा मात्र ठणठणीत आहे. कोणाचा?"

"ह्यांचा."

तिच्या आवाजावरून त्याला काय कळायचं ते कळलं असावं. त्याने विषय बदलला. इतपत पोच त्याला होती.

"बरं, फोटो कशाचा काढायचाय?"

"फुलाचा. एकच फूल आहे."

"मग डोळे मिटून ही घ्या." त्याने एक आखूड, जाडजूड लेन्स पुढे ठेवली. "मॅक्रो. फुलांसाठी हिच्यासारखी दुसरी नाही. वीतभर अंतरावर गेलात की पाकळीची शीर न् शीर दिसेल."

तिने काउंटरवर आपली वीत टाकून पाहिली आणि हात मागे घेतला.

"आणि लांबून काढायचा असला तर?"

"किती लांबून?"

तिने दाराबाहेर पाहिलं. "ते समोरचं औषधांचं दुकान आहे ना, तेवढं. थोडं कमीच."

"का? फूल पळतंय की काय?"

"फूल नाही पळत."

दुकानदार आपल्याच विनोदावर हसला. ती हसत नाही म्हटल्यावर त्याने चष्मा डोळ्यांवर घेतला आणि मागच्या फळीवरून एक लांबलचक लेन्स काढली.

"ही पाखरांचे फोटो काढणारे नेतात. हिच्यातून फूल दिसेल, नाही असं नाही. पण दुरून डोंगर साजरे, त्यातली गत. हात हलला की गेलं, मधे काही आलं की गेलं. त्यापेक्षा सरळ फुलाजवळ का जात नाही तुम्ही?"

"कुत्रं आहे तिथे," ती म्हणाली.

"असं होय."

त्याने लांबची लेन्स कॅमेऱ्याला बसवून दिली, फोकस कसा करायचा ते दाखवलं, आणि चार दिवस वापरून बघा, नाही जमली तर बदलून देतो, असं म्हणाला. निघताना पुन्हा एकदा त्याने त्या आखूड लेन्सवरून मायेने बोट फिरवलं. विकायची घाई नसलेला दुकानदार होता.

कुत्रं नव्हतं. नणंद होती.

फूल होतं समोरच्या गॅलरीत आणि गॅलरी होती नणंदेची. इमारतीचे दोन भाग, मधे फरशांचा चौक; तिसऱ्या मजल्यावरची तिची खिडकी आणि तिसऱ्या मजल्यावरची वन्संची गॅलरी अगदी समोरासमोर. वन्संनी लग्न केलं नव्हतं. बहीण हाकेच्या अंतरावर असलेली बरी, म्हणून ह्यांनीच धावपळ करून त्यांना ते घर बघून दिलं होतं. अंतर अजून तेवढंच होतं. हाक तेवढी बंद पडली होती.

ते गेल्यावर त्यांच्या कुंड्या मागे राहिल्या. ती रोज कुंड्यांना पाणी घालायची आणि रोज रडायची. शेवटी एका सकाळी तिने त्या एकेक करून खाली नेल्या आणि कचऱ्याच्या डब्यापाशी ठेवून आली. लाल लिलीला तर तेव्हा पानसुद्धा नव्हतं. मातीतून नुसता कांद्यासारखा गड्डा डोकं काढून बसलेला. संध्याकाळी जिन्यात वन्सं भेटल्या. मूल कडेवर घ्यावं तशी ती लिलीची कुंडी त्यांनी घेतली होती. काठाचा टवका उडालेली, तीच.

"माणूस गेलं की त्याची झाडंही टाकायची असतात, हे मला ठाऊक नव्हतं, वहिनी."

मला बघवत नाहीत, एवढं तिने म्हणायला हवं होतं. ती म्हणाली, "हौस असेल तर न्या." त्यावर वन्सं कुंडी घेऊन तशाच खाली उतरल्या. शब्दाने शब्द वाढला असता तर बरं झालं असतं, भांडण एकदाचं होऊन संपलं तरी असतं. ते अर्धवट राहिलं म्हणूनच इतकी वर्षं टिकलं.

आता ही वहिनी भांडकुदळ होती म्हणावं, तर तसंही नाही. दातांच्या दवाखान्यात ती कामाला होती. येणाऱ्यांना वेळ द्यायची, नाव पुकारायचं, आणि डॉक्टरांसमोरच्या पडद्यावर दातांचे एक्स-रे लावून ठेवायचे. जुना डावीकडे, नवा उजवीकडे, म्हणजे मधल्या काळात काय बदललं ते चटकन दिसतं. दिवसभर जिथे सगळ्यांना आ करायला सांगतात, तिथून घरी आल्यावर तिचं स्वतःचं तोंड उघडायचं ते फक्त जेवायला. रविवारी कोणाचा चुकून फोन लागला, तर "कोण हवंय आपल्याला?" असं ती दोन-दोनदा विचारायची. रॉंग नंबरवालाही कंटाळून फोन ठेवायचा.

संध्याकाळी ती दिवा न लावता खिडकीशी बसायची. दिवा लावला की काचेत आपलंच तोंड दिसतं. नाही लावला की समोरची गॅलरी दिसते आणि आपण कोणाला दिसत नाही. भूक लागेपर्यंत ती तशीच बसून असायची.

ह्यांनी दरवर्षी त्या लिलीचा एक फोटो काढून पॅसेजच्या भिंतीवर लावला होता. दिवाणखान्याच्या दारापासून सुरू झालेली ती ओळ न्हाणीघराच्या अलीकडे थांबली होती. पुढची भिंत कोरी होती आणि जाता-येता ती कोरी भिंत तिला टोचायची. यंदा समोरच्या गॅलरीत दांडा वर आला, कळ्या फुगल्या, तेव्हा तिने मनाशी ठरवलं की या वर्षीचा फोटो भिंतीवर लागलाच पाहिजे. आणि घाई करायला हवी होती. लिलीचं फूल म्हणजे चार दिवसांचं पाहुणं, मग पुन्हा वर्षभर गड्डाच.

पहिल्या सकाळी तिने लेन्स खिडकीच्या कठड्यावर टेकवली, श्वास रोखला आणि फूल शोधलं. मधे वन्संची चादर वाळत होती. चादरीच्या कडेने अर्धं फूल दिसलं, तेही एका बाजूने. त्या गॅलरीत सकाळचं ऊन डावीकडून येतं. दांडा तिकडे कललेला आणि फुलाचं तोंडही तिकडेच. तू पण का, असं ती मनात म्हणाली. तरी एक फोटो काढला. न काढण्यापेक्षा बरा.

दुसऱ्या सकाळी दोरीवर चादर नव्हती. फूल थेट तिच्याकडे बघत होतं. ती इतकी हरखली की हात हलला आणि फोटो पुसट आला. तिसऱ्या सकाळी तिने कोपराखाली उशी घेतली. फूल पुन्हा समोरच, लालभडक, पूर्ण उमललेलं. फोटो असा स्वच्छ आला की कुंडीवरचा पाण्याचा ओघळसुद्धा दिसावा. झालं काम, ती मोठ्याने म्हणाली. घरात तिच्याशिवाय ऐकायला कोणी नव्हतं.

दुपारी डॉक्टर जेवायला गेल्यावर तिने कॅमेऱ्यातलं कार्ड काढलं आणि फोटो मोठ्या पडद्यावर लावले. लावले ते हाताच्या सवयीने, जुना डावीकडे, नवा उजवीकडे. फूल बघायचं म्हणून लावले, पण डोळ्यांना सवय वेगळी. काय बदललं, तेच त्यांनी आधी शोधलं.

पहिल्या फोटोत काठाचा टवका डावीकडे होता, फुलाच्या बरोबर खाली. दुसऱ्यात तो समोर आला होता. तिसऱ्यात उजवीकडे.

ती खुर्ची ओढून बसली. फूल उन्हाकडे कलतं, हे तिला ठाऊक होतं. ह्यांचं निम्मं आयुष्य त्या दांड्याची मान सरळ करण्यात गेलं होतं. सोमवारी वळवून ठेवलं तर मंगळवारी ते पुन्हा डावीकडे कलणार. तरी दुसऱ्या आणि तिसऱ्या, दोन्ही दिवशी ते तिच्या खिडकीकडे तोंड करून होतं. दोन्ही दिवस टवका पुढे सरकला होता. आणि कुंडीला काही पाय फुटत नाहीत.

बाहेर पहिला पेशंट येऊन बसला होता. त्याने दोनदा खाकरून पाहिलं. तिचं लक्षच नव्हतं.

संध्याकाळी ती थेट लेन्सच्या दुकानात गेली. दुकानदाराने तिसरा फोटो पाहिला आणि मान डोलावली.

"झकास. हात स्थिर आहे तुमचा. मग हीच पक्की करायची?"

"नको. ती जवळची द्या."

"अहो, हिच्यात आलाय की फोटो. आता काय अडलं?"

"अडलं काही नाही."

त्याने तिच्याकडे नीट पाहिलं. मग आखूड लेन्स काढून फुंकर मारली. "आणि ते कुत्रं?"

"चावायचं नाही बहुतेक."

"बघा हं. आणि एक सांगतो, इतक्या जवळ गेलात की तुमचीच सावली फुलावर पडते. उजेड कुठून येतो ते बघून उभं राहायचं."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने चौक ओलांडला. पलीकडचा जिना चढताना दोन मजले बरे गेले, तिसऱ्याच्या अलीकडे ती थांबली. परत फिरावं असं तिला वाटलं, अगदी खरंच वाटलं. मग फूल आज-उद्या मिटणार हे आठवलं आणि तिने बेल दाबली.

वन्संचे केस पार पिकले होते. इतक्या लांबच्या लेन्समधून तिला हे दिसायला हवं होतं, पण लेन्स तिने फुलावरून हलवलीच नव्हती.

वन्संनी तिच्या गळ्यातल्या कॅमेऱ्याकडे पाहिलं.

"चल. ऊन जाईल," एवढंच म्हणाल्या आणि पुढे चालू लागल्या.

गॅलरीत कुंडी होती आणि कुंडीमागे दाराच्या आडोशाला एक वेताची खुर्ची. खुर्चीवर चष्म्याचं घर, उशीला बसून बसून पडलेला खळगा. तिने वळून पाहिलं. इथून तिची खिडकी सबंध दिसत होती. अर्धा सरकलेला पडदा, कठड्यावर राहिलेला कप, त्यामागे काळोख. कोणी राहत नसावं असं घर वाटत होतं.

ती गुडघ्यांवर बसली आणि कॅमेरा डोळ्याला लावला. वीतभर अंतर. सावली बरोबर फुलावर पडली. ती थोडी डावीकडे सरकली, तरी पडलीच.

"वहिनी," वन्सं मागून म्हणाल्या, "संध्याकाळी दिवा का लावत नाहीस तू?"

तिने डोळा कॅमेऱ्यावरून काढला नाही.

"घरात असतेस, माहीत असतं मला. तरी जीव थाऱ्यावर राहत नाही. मग तुझ्या स्वयंपाकघरात दिवा लागतो. तो लागला की मी जेवायला बसते."

फोकसचं चाक ती उगाच इकडून तिकडे फिरवत राहिली. जिन्यात म्हणायचं राहिलेलं वाक्य इतकी वर्षं तोंडात होतं, ते आता कुठे निघालं.

"बघवत नव्हत्या मला त्या कुंड्या, वन्सं."

वन्सं तिच्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या.

"हं," मग म्हणाल्या. "सावली पडतेय तुझी."

आणि पुढे वाकून, टवक्यावर अंगठा टेकवून, त्यांनी कुंडी जराशी फिरवली.