नाझिब्रोलाचा रांजण

द्राक्षं तुडवून झाली आणि पंधरवड्यात अंब्रोसीची बायको नाझिब्रोला गेली. तिच्या हातची शेवटची वाइन परसात पुरलेल्या रांजणात होती. अंब्रोसीनं त्यावर दगडी झाकण ठेवलं, ओली माती थापली आणि भावाला सांगितलं, "हा तिच्या वर्षश्राद्धालाच उघडायचा."

श्राद्ध नोव्हेंबरात होतं. ऑगस्टच्या उन्हात तोर्निके नावाचा वाइनचा व्यापारी राजधानी त्बिलिसीहून दोन परदेशी पाहुणे घेऊन आला.

"काका, काखेतीची वाइन जगाला ठाऊक आहे. तुमच्या लेचखुमीकडे कुणी वळूनही बघत नाही. आम्ही दाखवू लोकांना."

"दाखवा की. डोंगर आहेत, खड्डे आहेत."

"आणि वाइन?"

"संपली."

धाकटा भाऊ वार्लाम कुंपणाशी उभा होता. "दादा, खोटं कशाला बोलतोस? दारात पाहुणा उभा आणि तू मेलेल्या बाईसाठी रांजण झाकून बसलास? बापानं केलं असतं असं?"

पाहुण्याला कोरड्या तोंडानं परत पाठवणं त्या घरात कधी घडलं नव्हतं. कुदळ आणून अंब्रोसीनं माती फोडली.

तोर्निकेनं आणि पाहुण्यांनी ग्लास फिरवले, वास घेतला, घोट तोंडात घोळवला आणि अंगणात थुंकून टाकला. तिघांनीही. अंब्रोसी मातीतल्या ओल्या डागांकडे बघत राहिला.

"मनाला लावून घेऊ नका, काका, आमच्या धंद्यात असंच चाखतात," तोर्निके म्हणाला. "सुरेख आहे. आता उपसू नका, हलवली की बिघडेल. शनिवारी टाकी घेऊन येतो. निम्मी नेतो, उरलेली तुमच्यासाठी बाटल्यांत भरून देतो. बाटलीवर काकूंचं नाव छापू."

रांजण उन्हाळ्यात उघडला की लगेच उपसून वाइन बंद भांड्यांत भरावी लागते, नाहीतर ती आंबते, हे अंब्रोसीला लहानपणापासून माहीत होतं. पण नाझिब्रोलाचं नाव बाटलीवर येणार होतं, म्हणून तो थांबला. शनिवार गेला. पुढचाही गेला. मग त्यानं तोर्निकेला फोन लावला.

"अहो काका, पाहुण्यांना शेजारच्या राचा भागातली जास्त आवडली. तुमची जरा गावठी पडते."

अंब्रोसीनं रांजणाचं झाकण उचललं. वाइनवर पांढरी साय धरली होती.

श्राद्धाच्या दिवशी अंगणात टेबलं मांडली, मधातले गहू आणि घेवडा वाढला. वार्लामनं दुकानातली वाइन आणली होती. अंब्रोसीनं ती घरात नेऊन ठेवली आणि रांजणातून घागर भरून आणली. आंबट वास सगळ्यांना आला.

"दादा, शिरका झालाय हा."

"तूच पाहुण्यांसाठी झाकण काढायला लावलंस. ऊठ."

मेलेल्या माणसाच्या नावाचा प्याला उभं राहून तळापर्यंत प्यावा लागतो. तो कुणी नाकारत नाही. वार्लाम प्यायला, खोकला, टेबल धरून वाकला. अंब्रोसीनं लगेच त्याचा ग्लास पुन्हा भरला.

"एक झाला ना, दादा."

"एका ग्लासात ती मेलेली बाई संपली का?"

मग घागर घेऊन तो रांगेनं पुढे गेला. शेजारी प्यायले, पाद्री प्यायला. शेवटी नाझिब्रोलाची थोरली बहीण दोमना बसली होती. पोटाच्या दुखण्यानं ती वर्षभर पेजेवरच होती.

"मला नको रे, अंब्रोसी. तूच बिघडवलीस, आता आम्हाला कशाला पाजतोस?"

"तिच्या नावाची आहे, ताई."

दोमना काठीवर भार देऊन उठली. रडत रडत तिनं अर्धा ग्लास घेतला आणि खाली ठेवला. अंब्रोसीनं तो उचलून परत तिच्या हातात दिला आणि तिच्यासमोर उभा राहिला.