शेजारची बाहुली

यशश्री, माझी नात, विमानातल्या हवेतून आजार कसा पसरतो याचा संगणकावर अभ्यास करते. मला त्यातलं फारसं कळत नाही. कळल्यासारखी मान मात्र हलवतो.

त्या सकाळी लॅपटॉपच्या पडद्यावर विमान होतं आणि ओळीने बसलेल्या करड्या बाहुल्या. खिडकीजवळची एक पिवळी. ती म्हणजे तिची आजी, माझी पत्नी सुधा. सुधाची किमोथेरपी नुकतीच संपली होती. दोन दिवसांनी आम्ही दोघं बंगळुरूला निघणार होतो, आमच्या मुलाच्या, केदारच्या तान्ह्या मुलीला पाहायला. डॉक्टरांनी परवानगी दिली होती, फक्त सर्दी-खोकल्यापासून जपा म्हणाले होते.

यशश्रीने पिवळीच्या शेजारची बाहुली खोकवली. लाल ठिपके थेट पिवळीवर गेले.

"ये worst case है, आजोबा," ती तिच्या नेहमीच्या हिंदीत म्हणाली.

शेजारी मीच बसणार होतो. पहाटेपासून माझा घसा खवखवत होता. भास असेल, असं स्वतःला समजावत होतो. नाहीतरी मला स्वतःचं काहीच खरं वाटत नाही. पण ठिपके पाहिल्यावर यशश्रीला सांगून टाकलं.

सुधा दुसऱ्या खोलीत बाळाच्या कुंचीला लेस लावत होती. दारातूनच तिला सांगितलं, तू जा, मी राहतो. तिने साफ नकार दिला. तुम्हाला साधा चहा धड करता येत नाही, म्हणाली, आणि तुमच्याशिवाय मी कधी गेले आहे का कुठे? मग यशश्रीने तिला पडदा दाखवला. मी व्हरांड्यात जाऊन खिडकीतून पाहत उभा राहिलो.

सुधाने चष्मा लावून बराच वेळ पाहिलं.

"हे तुम्ही नाही," ती आतून म्हणाली. "तुम्ही भिंतीकडे तोंड करून खोकता, आणि वर भिंतीला सॉरी म्हणता."

यशश्री हसली. मग तिने बाहुलीची मान पलीकडे वळवली आणि पुन्हा गणित सुरू केलं. आम्ही थांबलो. या वेळी ठिपके आधी पलीकडे गेले, रांगेतल्या रांगेत घुटमळले, आणि थोडे कमी का होईना, पिवळीपर्यंत आलेच.

"हवा को क्या पता, आजी."

सुधाने कुंचीची घडी घातली. "बॅगेत वरच ठेव," ती यशश्रीला म्हणाली.

आजीसोबत जायला यशश्रीने स्वतःसाठी त्याच रांगेतलं कडेचं तिकीट काढलं. मधली माझी जागा रिकामीच जाणार होती.

विमानतळावर मी मास्क लावून लांब, खांबाजवळ उभा राहिलो. मास्क लावलेली सुधा दाराशी पोहोचली आणि नेमका तेव्हाच मला खोकला आला. मी खांबाकडे तोंड फिरवलं. उबळ बरीच लांबली.

वळलो, तर ती अजून आत गेली नव्हती. माझं सॉरी म्हणून व्हायची वाट पाहत होती.