परक्याच्या आवाजात

माझी नणंद मला रडूबाई म्हणते. मी स्वतः रडत नाही, लोकांना रडवते, म्हणून. वाचनालयाच्या माडीवरच्या खोलीत मंगळवारी सकाळी एक गट बसतो आणि गुरुवारी संध्याकाळी दुसरा. घरात कोणी गेलं की भेटायला येणाऱ्यांची रीघ लागते. पण नोकरी गेली, नजर गेली, संसार मोडला, तर तेच लोक म्हणतात, चालायचंच. या ‘चालायचंच’ची मला मनापासून चीड आहे. त्या चिडीतूनच मी हे काम सुरू केलं.

आमची एक रीत होती, माझीच. जे हातचं गेलं त्याला पत्र लिहायचं. मंगळवारची पत्रं गुरुवारच्या लोकांनी मोठ्याने वाचायची, गुरुवारची मंगळवारच्यांनी. आपलं ओझं कोणा अनोळखी माणसाने घटकाभर उचललं, एवढं कळलं तरी जीव हलका होतो. नाव-गाव कोणी विचारायचं नाही, मीसुद्धा नाही. पत्रात एखादी ओळख पटवणारी ओळ आलीच तर मी आधी वाचून ती कात्रीने कापायची. नणंद म्हणायची, “अगं, कागदाला पाय फुटतात.” मी म्हणायची, तुला प्रत्येक भातात खडा सापडतो.

मंगळवारच्या गटात एक शिलाईवाली होती, मंगळवार तिच्या सुट्टीचा. कपड्यांच्या कारखान्यात काम करायची, कुठल्या ते मला ठाऊक नव्हतं. नवऱ्याच्या मारापासून पळून, मुलीला घेऊन दुसऱ्या गावाहून आलेली. फोनसुद्धा टाकून दिलेला, त्यावरून माग लागेल म्हणून. तिला नवऱ्याचं काही वाटत नव्हतं. तिला आपल्या स्वयंपाकघराची आठवण यायची, आणि तीच सांगायची तिला लाज वाटायची. मी म्हटलं, मग स्वयंपाकघरालाच पत्र लिही.

गुरुवारच्या गटात एक सुतार होता. मितभाषी, स्वच्छ शर्टाचा, आपली खुर्ची आपण उचलून ठेवणारा. बायको लेकीला घेऊन लांब तिच्या भावाकडे निघून गेली, घर खायला उठतं, म्हणून काम शोधत इकडे आलो, असं तो सांगायचा. एकदाच हात उचलला, असंही म्हणाला होता आणि खाली बघून रडला होता. सगळ्यांनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला. पुढे कोणी काही विचारलं नाही. तो माझा लाडका होता, हे कबूल करते.

त्या आठवड्यात शिलाईवालीचं पत्र चार पानांचं निघालं. दोन पानं वाचली आणि माझे डोळे भरून आले. ओट्यावर पडणारं सकाळचं ऊन, भांड्यांचे आवाज, मुलीचा हात पोचावा म्हणून खाली ठोकून घेतलेली फळी. उरलेली दोन पानं मी वाचलीच नाहीत. घर हरवलेल्या माणसाने घर हरवलेल्या बाईचं पत्र वाचावं, म्हणजे त्याला दुसरी बाजू कळेल, असं माझ्या सुपीक डोक्यात आलं. कोणी कोणाचं वाचायचं याच्या नेहमीच्या चिठ्ठ्या न टाकता मी ते पत्र सरळ सुताराच्या हातात दिलं.

तो वाचू लागला. फळीपाशी आला आणि थांबला. पाणी प्यायला. मग पुढे वाचलं, आवाजात जराही चढउतार नाही. तिसऱ्या पानावर तिची आताची खोली होती. खाली सायकलदुरुस्तीचं दुकान, खिडकीतून दिसणारं पिठाच्या गिरणीचं पत्र्याचं छप्पर. मुलगी साडेबाराला शाळेतून एकटी येते, किल्ली तिच्या गळ्यात असते, आई येईपर्यंत सहा वाजतात. ऐकताना, हे कापायला हवं होतं, एवढं माझ्या लक्षात आलं. इथे तिला कोण ओळखतंय, असं म्हणून मी गप्प बसले.

वाचून झाल्यावर त्याने पानं नीट जुळवून घडी घातली आणि विचारलं, “घरी नेऊ का? पुन्हा वाचावंसं वाटतंय.” पत्र खोलीबाहेर जात नाही, हाही माझाच नियम. मी हो म्हटलं.

दारात चपला घालताना तो हसून म्हणाला, “ताई, ती फळी मीच ठोकली होती. माझ्या लेकीच्या मापाने.”

तो जिना उतरून गेला. मी खुर्च्या लावत राहिले. तिसरी खुर्ची हातात असताना त्याचं वाक्य डोक्यात शिरलं. धावत खाली गेले. रस्त्यावर तो नव्हता.

चौकीतल्या हवालदाराने बाईचं नाव विचारलं. ठाऊक नाही, मी म्हटलं. पत्ता? तोही नाही, गिरणीजवळचं सायकलचं दुकान एवढंच. सुताराचं नाव? आम्ही विचारत नाही. “मग ताई, शोधायचं कोणी आणि कोणाला?” तो म्हणाला. त्याचं काय चुकलं? तिचा पत्ता अख्ख्या शहरात आता एकाच माणसाच्या खिशात होता, आणि तो मी स्वतःच्या हाताने दिला होता.

शुक्रवारी सकाळी सातला मी आणि नणंद बाहेर पडलो. गुरुवारच्या गटातला एक म्हातारा ड्रायव्हरही आला. नजर गेल्यामुळे त्याचं लायसन्स रद्द झालं होतं, पण शहरातल्या गल्ल्या त्याला पाठ होत्या. गिरण्या त्याने बोटांवर मोजल्या, अकरा. नणंद वाटेत एका शब्दाने मला बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं. आठ गिरण्या पाहिल्या, कुठे सायकलचं दुकान नाही, कुठे वर खोली नाही. नवव्या गिरणीपाशी पोचलो तेव्हा पाऊण वाजून गेला होता. समोर सायकलवाला पंक्चर काढत बसला होता.

वर शिलाईकाम करणारी बाई राहते का, मी विचारलं. राहते की, तो म्हणाला. आणि मुलगी?

“तिला आज तिचे बाबा न्यायला आले होते,” सायकलवाला म्हणाला. “पोरगी आधी बावरली, मग गेली हात धरून. चांगला माणूस वाटला. आईला सांगा, काळजी करू नका, म्हणाला.”

ड्रायव्हरला नणंदेसोबत चौकीत पाठवलं. आता सांगायला पत्ता होता, सायकलवाल्याने सांगितलेलं नावही होतं. तिचा कारखाना कुठला ते मात्र त्यालाही ठाऊक नव्हतं. मी तिथेच जिन्याच्या पायरीवर बसले. लोकांना अशा वेळी काय म्हणायचं ते मी नऊ वर्षं शिकवत होते. त्यातलं एकही वाक्य मला तोंडातून काढवणार नव्हतं. ती सहाला येणार होती.