बोटभर वाळू

पंडितने पाण्याचा पाइप तिथंच टाकला आणि कठड्याच्या फटीतून आत शिरला. पत्र्याच्या शेडखालच्या मैदानात मालकांची लेक सायली घोडा दुडक्या चालीने फिरवत होती. घोडा पलीकडच्या कोपऱ्याकडे निघाला की पंडित दोन पावलं पुढं सरकत होता.

वरून त्या कोपऱ्यातली वाळूही बाकीसारखीच ओली, सपाट दिसत होती. चार दिवसांपूर्वी वाळू सारखी करताना ट्रॅक्टरचं पातं तिथं खोल गेलं आणि दगडासारखा टणक मुरूम उघडा पडला. चार बोटं वाळू हवी होती. पण मालक विजयसिंहदादांचे पाहुणे येऊन बसले होते, म्हणून पंडितने बोटभर वाळू ओढून ते झाकलं. दुसऱ्या दिवशी तिथंच घोडी घसरली आणि शिकवणारे तानाजी सर खांद्यावर आपटले. ते अजून बीडला दवाखान्यात होते. घोडीच बिथरट, असं सगळ्यांनी ठरवलं. मैदानाला कुलूप लागलं. ते आज सायलीने उघडलं होतं. आणि विकून टाकलेल्या घोडीला न्यायला बाहेर टेम्पो उभा होता.

पंडित गप्प राहिला होता. इथं येण्याआधी तो आणि बायको दीपमाला दर साल ऊसतोडीला जायचे. लेकीची शाळा दिवाळीनंतर सुटायची ती सुटायचीच. इथं राहायला खोली होती, आणि लेक आता सलग तिसऱ्या वर्षी लिंबागणेशच्या शाळेत जात होती.

सायलीने टाच मारली. घोडा भरधाव सुटला तसा पंडित दोन्ही हात पसरून वाटेत उभा राहिला.

घोडा त्याच्यापासून हातभर अंतरावर थांबला. त्याचा गरम श्वास पंडितच्या तोंडावर आला.

"पंडितभाऊ, मरायचंय का?"

"ताई, त्या कोपऱ्यात जाऊ नका. खाली मुरूम हाय. माझ्या हातनं झालं. सर पडले ते घोडीमुळं न्हाई."

सायली खाली उतरली. तिने लगाम मुठीत गुंडाळला.

"मी तिकडे जाणारच नव्हते," ती म्हणाली. "सरांनी फोनवर सांगितलं मला. घोडीचा नाल दगडावर वाजल्यासारखा वाजला म्हणाले."

"मंग दादांना..."

"दादांना सांगितलेलं नाही. तुम्ही सांगाल म्हणाले. दोन दिवस वाट बघतायत."

बाहेर टेम्पोची फळी खाली आपटली. पंडित निघाला.

विजयसिंहदादा फळीजवळ उभे होते. घोडीचे पुढचे पाय वर चढले होते.

"दादा, तिला उतरवा."

"का रं?"

पंडितने सांगितलं. दादा आत गेले, कोपऱ्यात बुटाने वाळू सारली आणि वाकून बोटाच्या पेरांनी ठोकून पाहिलं.

"सगळ्या मैदानाची वाळू बाजूला घे," ते म्हणाले. "खाली कुठं कुठं काय हाय, मला बघू दे."

"आन् मंग माझं, दादा?"

दादांनी टेम्पोकडे जाऊन घोडीला खाली उतरवलं. घोडीचा दोर स्वतः हातात घेऊन ते तबेल्याकडे गेले.

पंडित ट्रॅक्टरवर चढला. पातं खाली सोडण्याआधी तो पुन्हा उतरला, आणि वाकून, बोटं खुपसत, वाळू मापू लागला.