एकटीच्या कानातली गाणी

मी एक हेडफोन बोलतोय. जन्मभर एकाच बाईच्या कानाशी बोलत आलो, त्यामुळे चारचौघांत तोंड उघडायची सवय नाही. सांभाळून घ्या. आणि जे सांगणार आहे ते मान वर करून सांगण्यासारखंही नाही.

कारखान्यातून निघालो तेव्हा माझ्या खोक्यावर डोळे मिटून हसणाऱ्या एका तरुणाचं चित्र होतं. मला वाटलं, आपलं आयुष्य मजेत जाणार. पण मालकांनी मला विकत घेतलं ते लाजेपोटी.

मालक लिफ्ट दुरुस्त करतात. हातात पाना असला की माणूस कोणाला ऐकायचा नाही. पण घर सोडून इतक्या लांब परक्या देशात राहायला आल्यापासून ते जिन्यातसुद्धा अंग चोरून चालायचे. कपाट सरकवायचं झालं तर आधी खाली घोंगडी घालायचे. लोक काय म्हणतील ही एकच धास्ती. आणि त्यांच्या बायकोला, म्हणजे माझ्या बाईंना, नेमकं हिंदी सिनेमाचं वेड. रविवारी दुपारी टीव्हीवर सिनेमा लागला की नायिकेच्या आधी बाईच गाणं सुरू करायच्या आणि लहानगी लेक सोफ्यावर चढून नाचायची.

अशाच एका रविवारी ऐन गाण्यात दारावर टकटक झाली. हे माझ्या आधीचं, पण घरात इतक्यांदा ऐकलंय की डोळ्यांनी पाहिल्यासारखं वाटतं. दारात भिंतीपलीकडे एकटी राहणारी नर्स उभी होती. तिने तोंड उघडायच्या आत मालक "माफ करा, पुन्हा आवाज येणार नाही," असं म्हणत सुटले. ती काहीतरी सांगू बघत होती. मालकांनी हात जोडत जोडत दार लावून घेतलं.

दुसऱ्या दिवशी मी घरात आलो. माझ्या लांबलचक वायरचं टोक टीव्हीत, आणि मी बाईंच्या डोक्यावर. सिनेमा एकटीने ऐकायचा, बाकीच्यांनी नुसता बघायचा. लेक विचारायची, "आई, आता काय म्हणाला तो?" बाई सांगेपर्यंत पुढचं वाक्य निसटून जायचं. हळूहळू लेकीने विचारणं सोडलं, मग बघणंही सोडलं. गाणं आलं की बाईंचे फक्त ओठ हलायचे. गिळलेलं गाणं मला त्यांच्या कानाशी बसून कळायचं. मालकांना मात्र मी घरातली सगळ्यात शहाणी वस्तू वाटायचो, आणि खोटं कशाला बोलू, मलाही तसंच वाटायचं.

वर्षं गेली. नर्सबाई जिन्यात भेटल्या की मालक खाली बघत वाट सोडायचे. इकडे बाहेर वारं फिरलं होतं. लेक नोकरीला लागली आणि येऊन सांगायला लागली, "आई, ऑफिसातल्या मुली आपली गाणी लावून नाचतात. मला म्हणाल्या, तू शिकव. मला एक धड येत नाही. इतकी लाज वाटली." कोपऱ्यावरच्या थिएटरात हिंदी सिनेमा लागायला लागला. इथलेच लोक रांगा लावतात, पडद्याखालच्या ओळी वाचत वाचत नाक पुसतात, म्हणे. मालक म्हणायचे, "चार दिवसांचं खूळ आहे."

शेवटी लेकीने दोघांना ओढूनच नेलं. परत आले ते मालक बूट न काढताच खुर्चीत बसले. रांगेत त्यांच्या पुढे नर्सबाई होत्या म्हणे, आता हातात काठी घेतलेल्या.

"काय म्हणत होत्या गं त्या?" बाईंनी लेकीला विचारलं. इथली भाषा भरभर बोललेली त्यांना कळत नाही.

"म्हणाल्या, त्या दिवशी मी तक्रार करायला आलेच नव्हते. ड्यूटीवरून दमून यायचे, तेव्हा तुमच्याकडचं गाणं भिंतीतून ऐकू यायचं. ते कुठल्या सिनेमातलं, आणि मी पण येऊन बसू का, एवढंच विचारायचं होतं."

"मग परत का नाही आल्या?"

"आवाजच बंद झाला ना. त्यांना वाटलं, आपलं येणं या घरातल्यांना खपलं नाही."

बाईंनी टीव्ही लावून मला उचललं.

"राहू दे ते," मालक म्हणाले.

"सवय झाली हो. आता मोठ्याने ऐकायचं म्हटलं तर मलाच कसंतरी होतं."

मालकांची मान खाली गेली. मीही ओशाळलो. बाईंना गाणं मिळतं ते माझ्यामुळे, या तोऱ्यात मी इतकी वर्षं काढली होती.

मालक उठले आणि त्यांनी माझी वायर उपटली. गाणं खोलीभर झालं. बाई दचकल्या. थोड्या वेळाने दारावर टकटक झाली. मालकांच्या तोंडून सवयीने "माफ" निघालं, पण पुढचं त्यांनी गिळलं आणि दार सताड उघडलं.

"या," ते म्हणाले. "कुठल्या सिनेमातलं ते हिला विचारा. हिला सगळी तोंडपाठ आहेत."

आता मी ड्रॉवरमध्ये आहे, जुन्या चाव्यांच्या शेजारी. रविवारी बाहेर तिघी-चौघींचा गलका असतो. नर्सबाई चुकीचे शब्द बेधडक म्हणतात, लेक हसते. बाईंचा आवाज मात्र अजून ऐकू आलेला नाही. कान देऊन असतो मी. बाई, मला पुन्हा बाहेर काढू नका. एकदा मोठ्याने म्हणा, म्हणजे मला इथे चैन पडेल.