टर्बोचं बटन

समुद्रपूरच्या मास्तरांची रीता रोज एसटीनं हिंगणघाटला येई आणि नानाजींच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये डोकेफोड करी. येत्या शनिवारी नागपूरच्या कंपनीचे साहेब इथेच येणार होते. हजारो नावांची यादी ज्याचा प्रोग्राम लवकर क्रमानं लावेल, नोकरी त्याची. नाहीतर वडिलांनी डी.एड.चं ठरवून टाकलंच होतं, आणि जन्मभर पोरांकडून पाढे घोकून घ्यायच्या कल्पनेनंच रीताच्या अंगावर काटा येई.

पण ही मशीन! एंटर दाबून चहा पिऊन यावं, तरी यादी आपली लागतेच आहे. रीतानं दोष स्वतःच्या डोक्याला दिला. पुस्तकं पालथी घातली, मेमरीत काय कुठे बसतं ते शोधलं. तेव्हा कळलं, की प्रोग्राम दरवेळी अख्खं नाव उचलून हलवतोय. मग नावं जागच्या जागी ठेवून तिनं नुसते त्यांचे मेमरीतले पत्ते हलवले. आतला, पुन्हा पुन्हा फिरणारा लूप थेट मशीनच्या असेंब्ली भाषेत लिहिला. त्यात मशीन कितीदा अडकली याची गणती नाही. या सगळ्यात महिनेच्या महिने गेले होते.

शुक्रवारी सकाळी नानाजी मशीनला उदबत्ती ओवाळत होते. झाडताना कोणाचा तरी धक्का लागून डब्यावरच्या टर्बो बटनाचा दिवा लागला होता. त्यांनी बटन दाबून तो विझवला.

"काकाजी, ते काऊन बंद केलं?"

"मी बंदच ठेवतो, बेटा. त्यानं मशीन जोरात पळते."

"मंग पळू द्या ना!"

"जिनिंग मिलात पळवली होती एकदा. कापूस पेटला, अख्खा शेड गेला. तवापासून कोन्तीच मशीन फुल स्पीडवर नाई."

"याच्यात कापूस हाये का पेटाले?" रीता ओरडलीच. मग संतापानं तिला रडू फुटलं. नानाजींनी बटनाला हात लावू दिला नाही तो नाहीच.

शनिवारी नागपूरला शिकलेल्या नीलेशनं ऐटीत फ्लॉपी घातली. तिकडे त्याची यादी झटक्यात लागायची म्हणे. इथे साहेबांचा चहा संपला, पान आलं, नीलेशला घाम फुटला. शेवटी साहेबांनीच प्रोग्राम थांबवायला लावला. रीताची यादी पान तोंडात असतानाच लागली.

"सोमवारपासून नागपूरला या," साहेब म्हणाले. "एवढं कोणी शिकवलं?"

नानाजी छाती काढून पुढे झाले. "मीच! बटन बंद ठेवतो ना, साहेब."

रीताचं डोकं सणकलं. त्यांना खोटं पाडायला तिनं तोंड उघडलं. पण म्हातारा खरं बोलत होता.